नखभर ब्रेक

माझ्या गॅरेजात गाडी आली की मी आधी मालकाला गप्प करतो. मालक तोंड उघडतो ते रोग सांगायला नाही, थेट औषध सांगायला. "पंप गेलाय." "टर्बो गेलाय." "आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचं अगदी असंच झालं होतं." अहो, एवढं कळतंय तर माझ्याकडे कशाला आलात? घरात पाना नाही का? बत्तीस वर्षं मी हे ऐकतोय आणि बत्तीस वर्षं माझं डोकं तितकंच फिरतं. बायको म्हणते, दारावर पाटी लावा, 'आतला माणूस चावतो'.

पण त्या बुधवारी सकाळी गाडी घेऊन आला तो माझा सख्खा भाचा. त्याला कुठे गप्प करणार?

भाचा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. गाव त्याला मास्तर म्हणतं, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. त्याची एकच छोटी डिझेल गाडी, डोक्यावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेकचं एकेक जादा पेडल. शिकणारा गांगरला की मास्तरने आपल्या बाजूने ब्रेक मारायचा. ती जादा पेडलं मीच बसवून दिली होती.

"मामा, गाडीचा दम जातोय," मास्तर म्हणाला. "पिवळा दिवा लागतो आणि गाडी ओढतच नाही. पण फक्त आई चालवते तेव्हा."

"म्हणजे? गाडीला माणसं ओळखू यायला लागली?"

"तुम्हीच बघा आता."

ड्रायव्हरच्या दारातून ताई उतरली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, मास्तरची आई. वय अठ्ठावन्न. उभा जन्म इस्पितळात नर्स म्हणून काढला. भावोजी दोन वर्षांपूर्वी गेले, त्यानंतर वर्षभराने ती निवृत्त झाली, आणि घरात बसून बसून तिने आम्हा सगळ्यांना वेड लावायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. फोन करून विचारायची, "जेवलास का? पाणी किती प्यायलास? मोजून सांग." मग आरोग्य केंद्राने तिला बोलावलं. लांबच्या वस्त्यांवर अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत, त्यांच्या घरी जाऊन बघायचं. गाडी केंद्राची, ड्रायव्हर मात्र नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लायसन्स दाखवा, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि परीक्षा होती गुरुवारी सकाळी दहाला. म्हणजे उद्या.

तीन आठवड्यांपूर्वी एकदा ती नापास झाली होती. परीक्षेच्या मैदानातल्या चढावर गाडीने मान टाकली आणि मागे घसरली. परीक्षक बाईंनी कागदावर फुली मारली. ताईने घरी येऊन जेवणाचं ताट तसंच सारलं, हे मला मास्तरने सांगितलं होतं.

"यावेळी पण तसंच झालं तर गेलंच ते काम," ताई म्हणाली. तिने ते इतकं साधेपणाने सांगितलं की मला कसंतरीच झालं.

"ताई, मी आहे ना," मी म्हणालो आणि बॉनेट उघडलं.

आता हे दम जाणं म्हणजे काय ते सांगतो. इंजिनात कुठे काही खटकलं की गाडीतला कॉम्प्युटर घाबरतो आणि ताकद आखडून घेतो. ॲक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबा, गाडी घरी पोचण्यापुरती रखडत चालते, बास. आम्ही त्याला लिम्प मोड म्हणतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की पुष्कळदा एकदम शहाण्यासारखी वागते. मग मालकाला वाटतं आपल्यालाच भास झाला.

मी एअर फिल्टर बघितला, स्वच्छ. टर्बोचे पाइप चाचपले, कुठे चीर नाही. डिझेल फिल्टर गेल्याच महिन्यात मी बदलला होता. मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांचा मेळ नाही. दोन्ही एकदम दाबले जातायत असं गाडीला दिसतं, आणि मग ती म्हणते, बाई गं, तुला थांबायचंय की जायचंय? ठरव आणि मग ये.

गॅरेजसमोरचा रस्ता सरळ चढाचा आहे, तिथेच मी गाड्या बघतो. मी एकटा गेलो, गाडी भिंगरीसारखी वर. मास्तर एकटा गेला, तशीच. ताई चालवायला आणि मी शेजारी, तरीही काही नाही. उलट ताईने गिअर इतका मऊ टाकला की मी मनात म्हटलं, वा! मग ताई चालवायला, मास्तर शेजारी आणि मी स्कॅनर मांडीवर घेऊन मागे. अर्ध्या चढावर पडद्यावर आलं, ब्रेक चालू. पिवळा दिवा पेटला आणि गाडी गळाठली.

"बघा!" मास्तर ओरडला.

मी मागून वाकून बघितलं. ताईच्या पायात इस्पितळातले रुंद पांढरे बूट. माझी ट्यूब पेटली. "ताई, तुझा बूट दोन्ही पेडलवर पडतोय. हा काय बूट आहे की होडी?"

"मी ब्रेकला शिवलेसुद्धा नाही."

"पडद्यावर दिसतंय मला!"

तिने बूट काढले. घरातून माझ्या बायकोच्या चपला आणल्या, त्या घालून चालवली. पुन्हा दिवा. अनवाणी चालवली. पुन्हा दिवा. मग मी म्हटलं, ब्रेकचा स्विचच खराब असणार. पेडल जरासं हललं की तो स्विच कॉम्प्युटरला आणि मागच्या लाल दिव्यांना खबर देतो. नवा आणून बसवला, पाऊण तास मोडला, बोटाचं सालटं गेलं. चौघांनी चहा घेतला. पुन्हा चढावर गेलो. पुन्हा दिवा!

आता माझं टाळकं सटकलं. दुपारचे दोन वाजले होते, पोटात अन्न नव्हतं. मी जे बोलायला नको ते बोललो. "ताई, गाडीत काहीही नाही. तुझ्याच पायात खोट आहे. या वयात कशाला हे नसते उद्योग? नातवंडं सांभाळ की!"

बायको म्हणाली, "अहो!" मास्तर खाली बघायला लागला. त्याला अजून मूलबाळही नव्हतं, पण ते सोडा.

ताई गाडीतून उतरली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज वॉर्डातला होता. "तू सकाळपासून त्या मशीनकडे बघतोयस. पेशंटकडे एकदा तरी बघितलंस? आमच्याकडे नवीन डॉक्टर असेच असायचे. रिपोर्टात नाक खुपसून बसायचे आणि पलंगावरचा माणूस निळा पडलेला असायचा. उतर गाडीतून. बाहेर उभा राहून बघ."

बत्तीस वर्षं मुरलेल्या मेकॅनिकला हे ऐकावं लागलं, तेही बायकोसमोर. माझ्या ओठांवर दोन-चार उत्तरं आली होती. पण ती थोरली आहे, आणि लहानपणी तिचा हात चांगलाच लागायचा. मी मुकाट्याने स्कॅनर ठेवला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

ताई आणि मास्तर निघाले. गाडी माझ्या शेजारून पुढे गेली आणि चढाला लागली. इंजिनाचा आवाज वाढला, ताई ॲक्सिलरेटर देतेय हे कानाला कळत होतं. आणि मागचे दोन्ही लाल दिवे पेटलेले! चढ चढणाऱ्या गाडीचे ब्रेकचे दिवे कधी पेटतात का?

मग मी मागच्या काचेतून आत बघितलं. ताई ताठ बसली होती, मान सरळ, हात स्टिअरिंगवर. आणि शेजारी आमचे मास्तर! दारावरचा दांडा एका हाताने घट्ट धरलेला, खांदे कानाला लागलेले, पाठ सीटमध्ये रुतलेली. घोड्यावर पहिल्यांदा बसवलेला माणूस असा दिसतो.

"थांबा! थांबा!" मी ओरडत धावलो. एक चप्पल वाटेतच राहिली. गाडी थांबली. मी मास्तरच्या बाजूचं दार उघडलं.

"हलू नकोस. अजिबात हलू नकोस. खाली बघ, तुझा पाय कुठे आहे?"

मास्तरने खाली बघितलं. त्याचा बूट ब्रेकच्या जादा पेडलवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला, नखभर. तेवढ्याने चाकाला ब्रेक लागत नाही, पण स्विचला तेवढं पुरतं. दोन्ही पेडलं खालून एकाच दांड्याने जोडलेली आहेत आणि तो दांडा मीच जोडलाय. सकाळपासून मी एका बाईच्या बुटांकडे बघत होतो. तिच्या शेजारी आणखी एक बूट आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. धन्य माझी!

मास्तर स्वतःच्या पायाकडे दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तसा बघत राहिला. "मी... मी नाही ठेवला, मामा. खरंच. मला कळलंच नाही."

"बाकीच्यांना शिकवताना?"

"बाकीच्यांच्या वेळी मी फोन बघत असतो."

मला हसू फुटलं. पण ताई हसली नाही. तिने इंजिन बंद केलं.

"तीन आठवडे," ती म्हणाली, "तीन आठवडे मी स्वतःला मूर्ख समजत होते. रात्री झोपताना पाय हलवून बघत होते, आपले पाय आपलं ऐकतायत की नाही. आणि पाय तुझा होता?"

मास्तरने पाय पेडलवरून उचलून घेतला. मग एकदम बोलला. "बाबा गेले. आता तू जाणार त्या वस्त्यांच्या रस्त्यांवर, एकटी, वळणावळणाने. मी कितीदा तुला म्हणालो, छान चालवतेस, पण आतली भीती जातच नाही. तुला काही झालं तर मला कोण आहे गं?"

ताईने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि लगेच टपलीही मारली. "मला काही व्हायच्या आत घरात बसून मी वेडी होईन, ते चालेल तुला?" मग माझ्याकडे वळली. "आणि तू?"

"चुकलं, ताई," मी म्हणालो. "पायात खोट नाही तुझ्या. माझ्या डोक्यात आहे."

"ते आईबाबांना तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

आता प्रश्न उद्याचा. जादा पेडल काढून टाकावं म्हटलं, तर परीक्षेच्या गाडीत ते चालू स्थितीत हवंच. परीक्षेला मास्तर शेजारी आणि परीक्षक बाई मागे, हाही नियमच. दुसरा मास्तर आयत्या वेळी कुठून आणणार? संध्याकाळी त्या दोघांनी आणखी चार फेऱ्या मारल्या. तीनदा पाय पेडलवर गेलाच. मास्तर रडकुंडीला आला. "मामा, तो आपोआप जातो हो!"

गुरुवारी मी गॅरेज बंद ठेवून मैदानावर गेलो. ताईचा नंबर आला. ताई बसली, मास्तर बसला, मागे परीक्षक बाई बसल्या. गाडी काही निघेना. मी कुंपणापाशी जवळच होतो, काचा खाली होत्या, म्हणून सगळं ऐकू आलं.

"अहो मास्तर, हे काय बसणं झालं?" बाई म्हणाल्या.

मास्तर सीटवर मांडी घालून बसला होता. बूट काढून, पट्टा लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"ब्रेक तुमच्या पायाशी असायला हवा."

"आहे की, मॅडम. पायाशीच आहे. पाय वर आहेत."

"आणि काही झालं म्हणजे?"

"गाडी आई चालवतेय, मॅडम. ती बघेल."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "मधे पडलात तर त्या नापास, माहीत आहे ना?"

"तेच तर माहीत आहे."

"चला," बाई ताईला म्हणाल्या.

गाडी निघाली. आठाच्या आकड्यात फिरली, मागे गेली, दोन गाड्यांच्या मधे नीट उभी राहिली. मग चढ. चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघायचं असतं. ताई थांबली. मास्तरने डोळे मिटून घेतले होते, पण मांडी मोडली नाही. गाडीने एकदा गुरगुर केली आणि झोकात वर गेली. मी कुंपणावर हात आपटला, सालटं गेलेलं बोट ठणकलं, तरी आपटलाच.

बाईंनी तात्पुरत्या लायसन्सच्या कागदावर शिक्का मारला, ताईच्या हातात दिला. ताईने तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग गाडीला वळसा घालून मास्तरचं दार उघडलं.

"उतर."

"का? घरी जायचंय ना?"

"तुम्ही दोघं चालत या. मी हा कागद आरोग्य केंद्रात देऊन येते."

मास्तरने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. तो उतरला, बूट हातात घेऊन. ताई बसली, पट्टा लावला, आरसा स्वतःला हवा तसा वळवला आणि निघाली. फाटकापाशी थांबली, दोन्हीकडे बघितलं, रस्त्याला लागली.

"एकटी गेली, मामा," मास्तर म्हणाला. "मागे वळून बघितलंसुद्धा नाही."

"पुढे बघून चालवावं. तूच शिकवलंयस ना?"

भावोजी गेले तेव्हा हा पोरगा रडला नव्हता. सगळ्यांना पाणी देत, खुर्च्या मांडत फिरत होता. आता भर रस्त्यात, हातात बूट घेऊन, तो हमसाहमशी रडला. मी त्याला रडू दिलं. मग त्याने बूट घातले आणि आम्ही घराकडे चालायला लागलो.