ओवीची आत्या

ओवीच्या बारशाला पाळण्याशी उभी राहायला आत्याच नव्हती. तिचा बाप धर्मेंद्र, त्याला सख्खी बहीण नाही आणि चुलतबहिणीशी बोलणं बंद. बायका खोळंबल्या, बाळ रडून लाल झालं. तेव्हा मूल सांभाळायला नुकत्याच ठेवलेल्या रुखमाला त्याने पुढे आणलं. "आजपासून तूच माही बहीण. सांग कानात." रुखमा पवनीकडची, नदीत जाळं टाकणाऱ्यांच्या घरातली. एवढा मान तिला जन्मात कोणी दिला नव्हता. तिने बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, पाठीवर बायकांचे धपाटे खाल्ले आणि भंडाऱ्याच्या त्या गल्लीत ती ओवीची आत्या झाली.

आता या आत्यापणाचं कौतुक मला सांगू नका. पहाटे उठून बाटल्या उकळायच्या आत्याने, तापात मांडीवर घेऊन बसायचं आत्याने, आणि आत्याला सुट्टी कधी, तर घरात दुसरं कोणी असेल तेव्हा. राखीला ती धर्मेंद्रला राखी बांधायची, तो साडी द्यायचा. खरं सांगायचं तर रुखमालाही हे सगळं आवडायचं. ओवी झोपताना रोज एकच गोष्ट मागायची, "आत्या, माहं नाव कसं ठेवलं ते सांग." रुखमा कुर्रसकट सगळं सांगायची.

यंदा रुखमाच्या लेकीला, डिंपलला दिवस गेले. डिंपल तुमसरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि माहेरी रुखमाशिवाय दुसरी बाई नाही. तिने ओवीच्या आईकडे, ज्योत्सनाकडे सव्वा महिन्याची रजा मागितली.

"सव्वा महिना? मग माझ्या नोकरीचं काय?" ज्योत्सना म्हणाली. "आणि ओवी तुमच्याशिवाय जेवत नाही. सख्खी आत्या अशी टाकून जाईल का?"

त्याच गल्लीतली बायाबाई अशीच सुनेच्या बाळंतपणाला गेली होती. परतली तर कामावर दुसरी बाई, आणि जिला वाढवलं त्या पोरीला भेटूसुद्धा दिलं नाही. लेकीकडे जावं तर ओवी जाणार, ओवीपाशी राहावं तर लेक एकटी पडणार. रुखमाला घास गोड लागेना.

मूल सांभाळणाऱ्या बायकांची संघटना शहरात नुकतीच सुरू झाली होती. सभासद बाईला घरच्या बाळंतपणाची रजा, तेवढ्यापुरती संघटनेची बदली बाई, आणि परतल्यावर काम आपलंच. बायाबाईच रुखमाला तिथे घेऊन गेली. अट एक होती, बाई पगारी हवी, नात्यातली नको. काही घरांनी आपल्या नणंदा-जावा घुसवल्या होत्या, म्हणून अध्यक्ष सुलोचनाबाई स्वतः घरी येऊन खात्री करायच्या.

त्या रविवारी आल्या. दारातच त्यांनी शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "कामवाली? इथं कोणी कामवाली नाही. ओवीची आत्या राहाते." कपाळावर आठी घेऊनच त्या आत आल्या.

"कामाले आहे म्हणून कोण म्हणते?" धर्मेंद्र दुखावला होता. "राखी बांधते ते मले. भावा-बहिणीच्या मधात संघटना कायले पाहिजे?"

"पगार देता का नाही?"

"घरच्या माणसाले पगार म्हणत असतात काय? लागते तसं देतो."

तो लबाडी करत नव्हता, हाच तर वांधा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ज्योत्सना मान खाली घालून बसली होती. तिला सगळं कळत होतं, पण ती काही बोलली नाही. मला तिचाच जास्त राग येतो.

सुलोचनाबाई रुखमाकडे वळल्या. "हे तुले बहीण म्हणतात, गल्ली आत्या म्हणते. नात्यातल्या बाईले आमी घेत नाही. तूच सांग आता, तू यांची कोण?"

ओवी रुखमाच्या मांडीवर होती, तिच्या बांगड्यांशी खेळत. रुखमाने तिला खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण पोर उतरेना. डिंपलचं जड झालेलं पोट तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिने ओवीच्या डोक्यावर हात ठेवला, जणू कान झाकता येतील.

"मी यांची कोणी नाही, बाई," ती म्हणाली. "कामाले आहे. पोरगी सांभाळतो मी."

धर्मेंद्र उठून आत गेला. सुलोचनाबाईंनी नाव लिहून घेतलं. ओवीने बांगड्या सोडल्या आणि मान वर केली.

"मंग माहं नाव कोणी ठेवलं?"

रुखमाला रडू फुटलं. पण या पोरीशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"मीच ठेवलं, माय माही. पण त्या दिवशीबी मी कामावरच होती."

ओवी मांडीवरून उतरली आणि आईजवळ जाऊन उभी राहिली.