भाऊजींचा ब्रेक

पांढरा बॉल पूलच्या टेबलावरून उडाला, शेजारच्या टेबलावर एक टप्पा खाल्ला, खाली पडला आणि घरंगळत थेट फ्रिजखाली गेला. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, क्यूची काठी हातात धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

"आवाज ऐकलात, वहिनी?"

"ऐकला. आता फ्रिज हलवा."

एकोणीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते आहे. माझ्या पायाखालीही ब्रेकचं एक पेडल असतं, म्हणून आजवर धडधाकट आहे. गाडीतला ब्रेक थांबण्यासाठी. पूलमधला ब्रेक म्हणजे डावाचा पहिला फटका: त्रिकोणात रचलेले पंधरा बॉल पांढऱ्या बॉलनं फोडायचे. भाऊजी ते फोडत होते, यात वादच नाही. पण पांढरा नंतर कुठे जाईल, हे त्यांनाही माहीत नसायचं. आणि माझ्या पायाखाली इथं पेडल नव्हतं.

खरं तर माझे जोडीदार आमचे हे. बारा वर्षं आम्ही दोघं दर रविवारच्या साखळी स्पर्धेत जोडीनं खेळलो. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. हात स्थिर, बोलणं मोजकं. यंदा स्पर्धा सुरू व्हायला पंधरा दिवस असताना यांचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी सहा महिने क्यूला हात लावू नका म्हणून सांगितलं. नाव तर देऊन झालं होतं.

"धाकट्याला घे," हे म्हणाले.

धाकटे लिफ्ट दुरुस्त करतात. पाना घरी विसरले तरी त्यांचं अडत नसावं, असे हात आहेत. मी हो म्हटलं, ती माझी चूक.

जोडीच्या खेळात फटके आळीपाळीनं मारायचे असतात. भाऊजींनी ब्रेक केला आणि एखादा बॉल टेबलाच्या कडेच्या पॉकेटात गेला, तर पुढचा फटका माझा. म्हणजे ते पांढरा जिथे सोडतील तिथून मला खेळायचं. पहिल्याच सामन्यात त्यांनी तीन ब्रेक केले. दोनदा पांढराच पॉकेटात गेला, एकदा जमिनीवर. तिन्ही वेळा फाउल. समोर पोस्टातल्या दोघी मैत्रिणी होत्या. त्यांनी जाताना भाऊजींचे आभार मानले. अगदी मनापासून.

मग मी मंगळवारची दुपार धरली. टायरच्या दुकानावरचा आमचा पूलचा हॉल दुपारी रिकामाच असतो. मी वहीच्या कागदाची बशीएवढी गोल चकती कापली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

"ब्रेकनंतर पांढरा इथं थांबला पाहिजे. सगळ्यात पुढच्या बॉलच्या अगदी मध्यावर मारा. पांढऱ्याला मध्याच्या केसभर खाली क्यूचं टोक लावा, म्हणजे तो धडकून थोडा मागे येईल आणि थांबेल. आणि जोर कमी!"

"जोर कमी केला तर ते फुटणार कसे?"

"फुटतात."

"तुम्ही म्हणताय म्हणून." आणि त्यांनी असा काही तडाखा दिला की चकतीच उडून गेली. वाऱ्यानं! पांढरा मधल्या पॉकेटात.

वीस वेळा त्रिकोण रचला. वीस वेळा मीच रचला, कारण त्यांना तो घट्ट बसवता येत नव्हता. चकतीवर एकदाही नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा वीस. हॉलच्या मालकीणबाईंनी काउंटरवरची फुलदाणी उचलून आत नेली. मी "हळू!" म्हणाले की भाऊजी मान डोलवायचे, श्वास भरून घ्यायचे, आणि पुन्हा तेच. घरी आले की माझं डोकं ठणकत असायचं. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "शिकेल." बस्स, एवढंच.

तिसऱ्या मंगळवारी हे खांद्याच्या फिजिओथेरपीहून परस्पर हॉलवर आले आणि भिंतीशी स्टुलावर बसले. अकराव्या ब्रेकला पांढरा पुन्हा पॉकेटात गेला आणि माझा तोल सुटला.

"भाऊजी, माझ्याकडे सत्तर वर्षांच्या आजी गाडी शिकायला येतात. त्या ऐकतात हो! तुम्हाला कान दिलेत ते कशाला?"

भाऊजींनी क्यू टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. तेच जास्त लागलं.

"दादानं ब्रेक केला की अख्खा हॉल वळून बघायचा," ते म्हणाले. "मी शाळेतून येताना खाली जिन्यात थांबून ऐकायचो. आवाजावरून कळायचं, दादा आहे. आता त्याच्या जागी उभं राहून मी टुकटुक करू? मग दुसरा कुणी बघा."

मी पॉकेटातून पांढरा काढत होते. एवढ्यात स्टुलावरून आवाज आला.

"मी जोरात मारतच नव्हतो."

आम्ही दोघंही वळलो.

"तुझ्याबरोबर खेळायच्या आधी, पहिली दोन वर्षं मारायचो," हे म्हणाले. "तेव्हा माझाही पांढरा पडायचा. एकदा त्या खिडकीतून खाली गेला. म्हणून तिथं जाळी आहे."

"आहे ना," मालकीणबाई आतून म्हणाल्या. "यांच्यामुळेच बसवली."

"बारा वर्षं तुमच्याबरोबर खेळतेय," मी म्हटलं, "आणि हे आज सांगताय?"

"तू विचारलं नाहीस."

त्या क्षणी मला नवरा आणि दीर, दोघांनाही जाळीतून पलीकडे टाकावंसं वाटलं.

हे उठले. "आवाज जोराचा नसतो रे. पांढरा नेमका मध्यावर बसला की आवाज येतो. जरा बाजूला लागला, की निम्मा जोर घेऊन तोच पळत सुटतो."

"हेच मी तीन आठवडे सांगतेय!"

"तू सांगतेस. पण तो बघतो कुठे, ते तू बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. मी पांढऱ्याकडेच बघत होते. यांनी काचा तपासताना बघतात तसं भाऊजींकडे बघून ठेवलं होतं. मारताना भाऊजींची शेवटची नजर पांढऱ्यावर असायची, पुढच्या बॉलवर नाही. पांढरा टेबलाच्या कडेच्या कुशनला चिकटवून ठेवल्यामुळे क्यूची मागची बाजू वर उचलावी लागायची, आणि वरून दाबल्यासारखा फटका बसून बॉल उडायचा. शिवाय बॉल कसे फुटतात ते बघायच्या घाईनं ते फटका मारता मारताच उभे राहायचे.

यांनी पांढरा कुशनपासून वीतभर पुढे आणला, भाऊजींना वाकवलं आणि डावा तळवा त्यांच्या पाठीवर ठेवला. "माझा हात वर ढकललास, तर उठलास असं समज. पुढच्या बॉलकडे बघ. मार."

कडाड!

मालकीणबाई आतून बाहेर आल्या. बॉल चारी बाजूंना पसरले, आणि पांढरा धडकून थोडा मागे आला, दमल्यासारखा हळू झाला आणि चकतीच्या कडेवर थांबला. भाऊजी वाकलेलेच होते.

"उठू का?" त्यांनी विचारलं.

पुढचे चार फुकट गेले, हेही सांगायला हवं. त्या दिवशी नंतरच्या वीसपैकी सहा जमले. पण मी घरी जाऊन डोकेदुखीची गोळी घेतली नाही.

रविवारी समोर बेकरीवाले बापलेक होते. दोन्ही जोड्यांचा एकेक डाव झाला आणि तिसऱ्यात ब्रेक भाऊजींचा आला. मी ओठ घट्ट मिटून घेतले. ते वाकले, थांबले, मारलं. दोन बॉल पॉकेटात, पांढरा मधोमध. माझ्यासाठी समोर सरळ रेषेत, हातभर अंतरावर, कोपऱ्याच्या तोंडाशी एक बॉल. असा बॉल झोपेतही जातो.

मी तो चुकवला.

कसा, ते विचारू नका. भाऊजी जवळ आले आणि अत्यंत समजूतदार आवाजात म्हणाले, "होतं असं, वहिनी. जोर जरा जास्त झाला."

नशीब, बेकरीवाल्यांच्या लेकानंही सोपे बॉल चुकवले. डाव अर्धा तास रेंगाळला, आणि शेवटचा काळा बॉल भाऊजींनीच घातला. जिंकलो आम्ही.

घरी जाताना गाडी मी चालवत होते, हे शेजारी, भाऊजी मागे. पहिल्या सिग्नलला भाऊजींनी सांगितलं की पांढरा कसा मधोमध थांबला. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा सांगितलं. पुलावर आलो तेव्हा दोन सीटांच्या मधून पुढे वाकून ते म्हणाले, "दादा, तू बसला होतास तिथून नीट दिसलं नसेल. काय झालं माहितीये, मी वाकलो—"

"दिसलं," हे म्हणाले. "पण सांग."