आवाजातल्या हसण्याचे गुण

"हस ना गं, आई! हसून बोललं की फोनवर ऐकू जातं."

"दात काय आवाज करतात का?"

लेकीने कपाळावर हात मारला. सकाळपासून ती आईची तयारी करून घेत होती. "पुन्हा म्हण. 'पाहुण्यांचं समाधान हाच माझा आनंद.'"

आईने म्हटलं, पण शोकसभेत बोलावं तसं.

ती हॉटेलात खोल्या आवरायची. अर्धं आयुष्य एकाच मजल्यावर गेलेलं, म्हणून तिथे तिचं नावच 'तिसरा मजला' पडलं होतं. "तिसरा मजला जेवला का?" अशी हाक यायची. आता हॉटेल नव्या मालकांनी घेतलं होतं, आणि जुन्या प्रत्येकाला फोनवर मुलाखत द्यायची होती. पसंत पडलात तर राहाल, नाहीतर महिनाअखेरीस घरी. आणि या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

"माझंच काम मीच मागायचं," ती धुसफुसली. "उद्या म्हणतील, घरात आई म्हणून राहायचं तर मुलाखत द्या."

"त्यात तू नापास. फार ओरडतेस."

दोघींना हसू फुटलं. "हेच! हेच हसू धरून ठेव," लेक म्हणाली, आणि फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

पलीकडचा आवाज तरुण, गोड आणि घाईतला होता. पहिली उत्तरं पाठ केल्यासारखी सुरळीत गेली.

"मॅडम, जरा हसून बोलाल का? आमच्याकडे आवाजातल्या हसण्याला गुण असतात."

तिने ओठ ताणले. लेकीने अंगठा दाखवला.

"छान! पाहुण्यासाठी नेमलेल्या कामापलीकडे काही केलंत, असा प्रसंग सांगा."

पाहुण्याचा हरवलेला चष्मा शोधून दिल्याची गोष्ट घोटून तयार होती. ती जिभेवर आलीही. पण त्या 'छान'ने तिच्या डोक्यात तिडीक गेली होती.

"एक म्हातारे बाबा होते. मी खोलीत गेले तर ते पलंगावर कासावीस झालेले. मी खाली फोन केला. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. उभं तरी किती राहणार? पलंगाच्या कडेला टेकले. हात धरूनच ते गेले."

लेकीचा अंगठा खाली आला. घरात हे कधी निघालंच नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी मला ताकीद मिळाली. पाहुण्याच्या पलंगावर बसले म्हणून. सांगा साहेब, हे हसून कसं सांगू?"

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली.

"ओके, मॅडम. पुढचा प्रश्न. ताणाखाली काम करू शकता का?"

"तेच करत आलेय. आणि गुण कापायचे तर खुशाल कापा. पण त्या बाबांच्या मरणावर मी हसणार नाही."

"कळवू आम्ही," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

"चष्म्याचं सांगायचं ना गं..." लेक म्हणाली. "मला कधी सांगितलं नाहीस ते."

"घरी येऊन सांगण्यासारखं होतं का? सरक, दुपारची पाळी आहे. आजच्या दिवस तरी मजला माझाच आहे."

ती बूट घालायला स्टुलावर बसली. पलंगांच्या चादरी खोचून खोचून कंबर धरलेली. एकदा वाकून पाहिलं, हात पोचेना. लेक खाली बसली आणि नाडी बांधू लागली. एरवी आईने झटकन पाय मागे घेतला असता. आज तिने दुसराही पुढे केला.