गोजरबाईंच्या हातावरची हवेची बाही

मित्रांनो, आधीच सांगते, मला फुगा म्हणायचं नाही. फुगा जत्रेत मिळतो आणि घरी नेईपर्यंत फुटतो. मी एक जुनी हवेची बाही आहे. दवाखान्यातले लोक मला एअर स्प्लिंट म्हणतात. पारदर्शक प्लास्टिकचे दोन पदर, कडा तापवून चिकटवलेल्या, एका बाजूला लांब चेन आणि हवा भरायला एक नळी. लकवा मारून ज्यांचा हात आखडतो, मूठ मिटून छातीशी जाते, त्यांच्या हातावर मला चढवतात. मी फुगले की कोपर सरळ होतं, बोटं उलगडतात आणि तेवढा वेळ हात हातासारखा दिसतो. याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

नगरच्या एका दवाखान्यात मी नऊ वर्षं काढली. तिथे लकव्याने आलेल्या अब्राहाम गुरुजींचा हात मीच सरळ धरून ठेवला. पुढे त्यांनी बोटांत खडू धरला, तेव्हा सगळ्या वॉर्डाने माझं कौतुक केलं. मग नव्या बाह्या आल्या आणि मला घडी घालून कपाटाच्या तळाला टाकलं. दोन पावसाळे मी कुणाचा हात पाहिला नाही. मला अंधाराचं भय नव्हतं, घडीचं होतं. घडीवर चीर पडते, आणि चीर पडलेल्या बाहीला कचऱ्याशिवाय जागा नसते.

मला बाहेर काढलं स्टेलाबाईंनी. त्या आजाऱ्यांकडून व्यायाम करून घ्यायच्या आणि आठवड्यातून दोनदा स्कूटीवरून खेड्यांत जायच्या. त्यांनी मला काष्टीजवळच्या एका वस्तीवर नेलं, गोजरबाईंच्या घरी.

गोजरबाईंचं वय त्रेसष्ट. चार म्हशींच्या धारा एकटीने काढणारी बाई. उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला, जीभ मात्र शाबूत. मला बघून म्हणाल्या, "ह्ये काय, म्हशीचं आतडं आनलंय का?"

स्टेलाबाई हसल्या आणि त्यांनी सून रुपालीला सगळं नीट दाखवलं. आधी हातावर पातळ सुती बाही, मग मी. चेन लावायची आणि हवा तोंडानेच भरायची, पंपाने नाही. श्वासाची ऊब लागली की माझं प्लास्टिक मऊ पडून हाताला बिलगतं, आणि माणसाच्या छातीत जेवढा दम तेवढाच दाब चढतो. अर्ध्या तासात काढायचं. तोवर बोटांवरून नजर हलवायची नाही, कारण या हाताला दुखलं तरी कळत नाही.

गोजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि स्कूटी वळणाआड गेल्यावर सांगून टाकलं. नवऱ्याच्या ताटात त्या कधी जेवल्या नाहीत, लेकराचा उष्टा घास तोंडात घातला नाही. आता सुनेच्या तोंडचं वारं अंगावर घेऊन बसणार नाहीत. रुपाली चुलीकडे गेली.

मुलगा सहादेव दुधाचा टेम्पो चालवायचा. त्याने तोड काढली. टेम्पोतला पायपंप आणला, माझ्या नळीत खुपसला, हवा भरली आणि ती निघू नये म्हणून नळी जुन्या ट्यूबच्या पट्टीने गच्च आवळली. पहिले दोन दिवस त्याने बेतानेच भरली. तिसऱ्या दिवशी काष्टीचा बाजार होता. त्याला म्हैस बघायला जायचं होतं आणि गडी घाईत होता. टायर दाबून बघावा तसं त्याने मला अंगठ्याने दाबलं. म्हणाला, "ढिली हाय अजून," आणि आणखी चार पाय मारले.

माझ्या कडा करकरल्या. मित्रांनो, मी फुटले असते तर बरं झालं असतं. पण माझ्या कडांचा जोड पक्का आहे. आयुष्यभर मी ज्याची ऐट मिरवली, त्या जोडाची त्या दिवशी मला भीती वाटली.

सहादेव गेला. आई बघून घेईल, असं त्याला वाटलं. जाताना तोच मला काढून ठेवेल, असं रुपालीला वाटलं. ती गोठ्यात कडबाकुट्टीचं मशीन लावून बसली. आणि गोजरबाई खाटेवर बसून अंगणातल्या कोंबड्यांना शिव्या देत होत्या.

त्यांची नाडी मला रोज लागायची, बारीक पण ठाम. ती मंद झाली. मग लागेनाशी झाली. मी कुणाला सांगणार? मला नळी आहे, गळा नाही.

बऱ्याच वेळाने त्यांची नजर बोटांकडे गेली. नखं जांभळासारखी झाली होती. त्यांनी डाव्या हाताने चेन ओढली. फुगलेल्या अंगावरची चेन ती, जागची हलेना. पट्टीची गाठ सुटेना. तोवर त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती. मग मारली, आधी हळू, मग मोठ्याने. मशीनच्या आवाजात काही ऐकू जाईना. शेवटी त्यांनी काठी उचलली आणि खाटेशेजारचा पत्रा बडवायला घेतला. "रुपाली, माजी बाय, ये गं," असं त्या पुटपुटत होत्या. प्रत्येक दणक्याला माझ्यातली हवासुद्धा हलत होती.

मशीन थांबलं. रुपाली धावत आली. तिने गाठीला नखं लावली, सुटेना, म्हणून दातांनी रबर तोडलं. सूं करून मी रिकामी झाले. हात गार पडला होता, माझ्या कडांचे वळ उठलेले. दोघी नखांकडे बघत बसल्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आधी अंगठा लाल झाला, मग एकेक बोट.

फोन गेल्यावर स्टेलाबाई दुपारी आल्या. एकेक नख दाबून रंग परत येतो का बघितलं. हात वाचला होता. तोवर सहादेव परतला होता. त्याला त्या एवढंच म्हणाल्या, "टायरला जीव नसतो, दादा." सूज उतरेपर्यंत मला हात लावायचा नाही, पुढचं आठ दिवसांनी ठरवू, असं सांगून गेल्या.

आठ दिवस मी खुंटीवर होते. मूठ पुन्हा घट्ट होत चालली होती, नखं तळव्यात रुतत होती. मी वरून बघत होते आणि भीत होते. मला नेलं तर ही मूठ कायमची मिटणार. ठेवलं तर पुन्हा काय होईल?

नवव्या दिवशी स्टेलाबाई मला पिशवीत भरू लागल्या. घरच्यांवर सोडवत नाही, म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या," गोजरबाई म्हणाल्या. "रुपाली, हितं बस. तू फुक."

रुपाली अवघडली. "आत्याबाई, माझं उष्टं..."

"दातांनी रबर तोडलंस, तवा मी इचारलं व्हय? फुक. हळू फुक. आन् माज्या तोंडाकडं नगं, हाताकडं बघ."

रुपालीने फुंकलं. ऊब आली, मी मऊ झाले, आणि आत नाडी लागली. अर्धा तास गोजरबाईंनी डाव्या हाताने सुनेचा पदर धरून ठेवला होता. त्यांना भीती वाटत होती. मलाही.

मूठ अजून पुरती उघडत नाही. करंगळी तेवढी सैल पडते. धार काढायची गोष्ट लांबच आहे, आणि ती होईलच असं मी खोटं सांगणार नाही.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, सावलीत टांगा, घडी घालू नका. हे विसरलात तरी मी चालवून घेईन. पण ज्या हाताला दुखलेलं कळत नाही, त्या हाताजवळ कुणीतरी बसायलाच हवं. मला हातावर चढवून बाजाराला जाऊ नका.