गुलाब नको, तोंड छापा

"गुलाब?" रुदैनाने नमुन्याचा कागद टेबलावर आपटला. "मी काय फुलांचं दुकान काढतेय?"

कागद तिच्या दिराने, दैफल्लाने, छापखान्यातून आणला होता. करक या अरब गावाच्या नगरपालिकेच्या निवडणुकीला रुदैना उभी होती आणि हे तिचं पोस्टर: मधोमध लालभडक गुलाब, खाली तिच्या पोराच्या नावाने 'लैसची आई'. ना तोंड, ना नाव. तिकडे बाया उभ्या राहिल्या की असंच छापतात. कुणी फूल टाकतं, कुणी सरळ नवऱ्याचाच फोटो.

"वहिनी, घराण्याची अब्रू भिंतीवर चिकटवायची नसते," दैफल्ला म्हणाला. "तोंड छापलंत तर घराण्याची मतं विसरा. मग बसा घरी."

घराण्याच्या मतांशिवाय करकमध्ये कुणाचा बापही निवडून येत नाही, हे रुदैनाला पक्कं ठाऊक होतं. आणि तिला निवडून यायचंच होतं. आठवड्यातून एकदा सुटणारं पाणी वरच्या आळीत चढतच नव्हतं आणि पालिकेतले बाप्ये त्यावर नुसता चहा ढोसत होते. पण म्हणून गुलाब? जन्मभर गावातल्या पोरींना कान धरून गणित शिकवलं, ते काय या पाकळ्यांनी?

"माझं तोंड ओळखपत्रावर आहे, पासपोर्टवर आहे. हजला गेले तेव्हा विमानतळावरच्या परक्या पोराने निरखून निरखून पाहिलं. तेव्हा कुठे गेली होती अब्रू, भावजी? आपल्याच गावाच्या भिंतीवर आलं की जाते होय?"

ती तडक नुहादच्या स्टुडिओत गेली. नुहाद तिची जुनी विद्यार्थिनी.

"बाई, थोडं गोरं करू? सुरकुत्या घालवते. सगळ्या तेच मागतात."

"हात लावशील तर याद राख! इथल्या उन्हात रापलेय मी. आहे तशी दिसू दे."

पोस्टरं लागली. भुवया चढलेल्या, ओठ घट्ट, अख्ख्या वर्गाला गप्प करणारं ते तोंड बाजारभर झळकलं. खाली ठसठशीत नाव: रुदैना. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर प्रत्येक तोंडावर कुणीतरी कागदी गुलाब डकवलेला. कुणी, ते विचारायची गरजच नव्हती. समोरच्या कॉफीच्या दुकानात दैफल्ला पायावर पाय टाकून बसला होता.

रुदैनाच्या अंगाची लाही लाही झाली. रडूही आलं, ते तिने गिळलं. गुलाब ओरबाडायला हात पुढे केला आणि थांबली. फाडला तर उद्या पुन्हा चिकटवतील मेले. तिने नुहादला फोन लावला, "कॅमेरा घेऊन ये. असशील तशी ये."

नुहाद धापा टाकत आली. रुदैना त्या पोस्टरच्या शेजारी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हा त्यांचा गुलाब आणि ही मी. हेच छापायचं."

माणसं जमली. दैफल्ला कप टाकून धावत आला. "बस्स झालं, वहिनी! भर बाजारात नाक कापलंत आमचं. आता ऐका, माझ्या घरातून तुम्हाला एक मत पडणार नाही. एकसुद्धा!"

"तोंड लपवून मिळणारं मत तुमच्याकडेच ठेवा!" रुदैना गरजली खरी. पण गेली निवडणूक, तिला वाटलं. गेलं वरच्या आळीचं पाणी.

"एक पडेल," मागून आवाज आला.

दैफल्लाची बायको फौझिया, रोट्यांची पिशवी घेऊन उभी. चारचौघांत नवऱ्यापुढे तिचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

"काय म्हणालीस?" दैफल्ला थिजला.

"माझं पडेल. पडद्याआड टाकायचं असतं ना ते? तिथे तुम्ही कुठे येणार आहात?" तिने पिशवी त्याच्या हातात कोंबली आणि रुदैनाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. "बघत काय बसलीस गं पोरी? काढ."

नुहादने कॅमेरा डोळ्याला लावला.

"भावजी, जरा बाजूला व्हा," रुदैना म्हणाली. "तुमची सावली पडतेय तिच्या तोंडावर."