कोऱ्या पेनड्राइव्हचा विषाणू

ग्रंथालयाच्या सभागृहात खुर्च्या दीडशे आणि माणसं दोनशे. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ती भिंतीला टेकली होती. बहुतेकांच्या मांडीवर नाहीतर काखेत एकेक संगणक होता. कुणी लॅपटॉप छातीशी धरला होता, तर कुणी जुना अवजड डबा चादरीत गुंडाळून आणला होता. व्यासपीठावर टेबलावर दोन संगणक शेजारीशेजारी मांडलेले आणि त्यांच्या मागे पांढराशुभ्र कोट घातलेले निर्विषगुरू. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं. आईबापांनी ठेवलेलं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“डावीकडचा संगणक तुमच्या घरातल्यासारखा,” गुरू म्हणाले. “उजवीकडच्यावर माझी ‘अभेद्य’ प्रणाली. आता श्वास रोखा!”

त्यांनी हातमोजे चढवले आणि काचेच्या डबीतून चिमट्याने एक पेनड्राइव्ह उचलला.

“यात काळनाग विषाणू आहे. भल्याभल्या तज्ज्ञांनी याच्यापुढे हात टेकले!”

पेनड्राइव्ह डाव्या संगणकात गेला मात्र, पडदा लालभडक झाला, कवटी दात विचकू लागली आणि भोंगा असा वाजला की पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कान झाकले. मग तोच पेनड्राइव्ह उजवीकडे गेला. तिथलं निळ्या तळ्याचं चित्र जागचं हललं नाही.

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं.

“ना पासवर्ड, ना अपडेट!” गुरू गरजले. “अपडेट म्हणजे काय हो? प्रणालीला भोक असल्याची कबुली! माझ्या प्रणालीला भोकच नाही!”

पुन्हा टाळ्या. टाळ्या वाजवायला डोकं लागत नाही, हात पुरतात.

तिसऱ्या रांगेत एका बाईचे हात मात्र मांडीवरच होते. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. पंचवीस वर्षं लोकांचं रक्त काचेखाली पाहून पाहून तिला एक खोड लागली होती. कुणी काहीही सांगितलं की ती विचारायची, “कशावरून?” म्हणून सगळे तिला शंकाताई म्हणायचे. शेजारी तिचा थोरला भाऊ, दादा, बसला होता. दादाने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. भिंगातून बारीक चाकं बघता बघता डोळे गेले. आता त्याला उजेड आणि सावली एवढंच कळायचं.

दादाच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये वहिनी होती. म्हणजे तिचा आवाज होता. दादाचे डोळे जाणार हे कळल्यावर वहिनीने शेवटच्या आजारपणात रोज थोडं थोडं वाचून त्याच्यासाठी चाळीस पुस्तकं ध्वनिमुद्रित केली होती. ती गेल्याला तीन वर्षं झाली. दादा रोज दुपारी तिचं वाचन ऐकायचा, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

“दादा, ऐक माझं,” शंकाताई कुजबुजली. तिच्या हातात नवाकोरा, पाकिटातला पेनड्राइव्ह होता. “आधी यात वहिनीचा आवाज उतरवून घेऊ. मग तुझा संगणक घाल त्याच्या पायावर.”

“अगं, गुरू म्हणालेत ना, नक्कल केली की विषाणू नकलेत लपून बसतो! विषाणू शिरला तर तिचा आवाज जाईल. मला ती भीती नको आता.”

“आणि हा माणूस अभेद्य बसवताना सगळं पुसून टाकणार आहे, त्याची भीती नाही वाटत?”

“पुसतात आणि मग परत आणतात. डॉक्टरीणबाईंना विचार.”

पुढच्या खुर्चीवरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मागे वळून पाहिलं. गेल्याच महिन्यात त्यांनी अभेद्य बसवून घेतली होती. “माझे दहा वर्षांचे एक्स-रे गेले खरे,” त्या म्हणाल्या. “गुरू म्हणाले, ते आधीच विषाणूने खाल्ले होते. पण विषाणूही गेला ना!”

रोगी मेला, पण ताप उतरला, अशातला हा प्रकार. शंकाताईचं डोकं भणभणलं. एवढ्यात गुरूंनी बोट रोखलं.

“आजचे पहिले भाग्यवान, हे काळ्या चष्म्यावाले काका! या, वर या!”

दादा लॅपटॉप पोटाशी धरून उठला. शंकाताईने त्याचं कोपर धरलं आणि त्याच्याबरोबर तीही व्यासपीठावर चढली. गुरूंनी लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. “एक बटण, आणि जुनं सगळं स्वच्छ!” म्हणत त्यांनी बोट उगारलं.

प्रयोगशाळेत दिवसाचं पहिलं काम ठरलेलं असतं. कुणाच्याही रक्ताला हात लावण्याआधी यंत्रात एक कोरी नळी घालायची, जिच्यात काहीच नाही अशी. यंत्राने कोऱ्या नळीतही रोग दाखवला, तर त्या दिवशी यंत्राचा एकही शब्द खरा मानायचा नाही. शंकाताईच्या हाताला हे इतकं सवयीचं होतं की हातातलं पाकीट तिने कधी फाडलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

“थांबा,” ती म्हणाली. “माझा हा पेनड्राइव्ह घाला डावीकडच्या संगणकात.”

“कशाला?”

“कोरा आहे. आत्ता सगळ्यांसमोर फोडला. यात काळनाग नाही, साधं गांडूळही नाही. तुमचा संगणक गप्प बसला, तर मी तुमच्या पाया पडेन.”

लोक हसले. गुरू हसले नाहीत. “बाई, श्रद्धा नसेल तर—”

“श्रद्धा माणसांवर ठेवतात हो. हे यंत्र आहे.”

गुरूंचं बोट अजून हवेतच होतं. तेवढ्यात तिने स्वतःच पुढे होऊन पेनड्राइव्ह खुपसला.

पडदा लालभडक. कवटी हसली. भोंगा वाजला.

सगळ्यांच्या माना गुरूंकडे वळल्या. गुरूंचं तोंड मात्र चालूच. “पाहिलंत? संसर्ग! काळनागाचा वारा लागला त्या पेनड्राइव्हला!”

“वारा?” शंकाताईचा आवाज चढला. “दहा सेकंदांपूर्वी पाकिटात होता तो!” तिने टेबलावर पडलेला एक जादा माउस उचलला आणि त्याची वायर तिथेच जोडली. पुन्हा कवटी, पुन्हा भोंगा. “आता माउसलाही वारा लागला का? माझं बोट घालू? मलाही काळनाग झालाय का ते कळेल!”

आता लोक हसले ते गुरूंना. मागच्या दारापाशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन ग्रंथालयातली संगणकवाली बाई उभी होती. ती रांगा ओलांडत वर आली, आणि कोट सावरत मागे सरकणाऱ्या गुरूंना तिने दोन शब्दांत सांगितलं, “बाजूला व्हा.”

तिने डाव्या संगणकात आत काय काय चालू आहे त्याची यादी उघडली. तिच्यात एक छोटासा प्रोग्राम दबा धरून बसला होता. त्याला काम एकच, काहीही जोडलं गेलं की कवटी दाखवायची आणि भोंगा वाजवायचा. बाईने तो बंद केला. मग काचेच्या डबीतला काळनाग हातमोज्यांशिवाय उचलून पुन्हा खुपसला. पडदा शांत. पेनड्राइव्ह उघडला तर आत निर्विषगुरूंचे स्वतःचेच चौदा फोटो.

“आणि ही अभेद्य,” ती उजव्या संगणकाकडे वळली. “लिनक्स आहे ही, फुकट मिळते. वाईट नाही हं, मी घरी तीच वापरते. पण ही सहा वर्षांपूर्वीची आहे, त्यानंतर एकही दुरुस्ती केलेली नाही. वर यांनी तळ्याचं चित्र चिकटवलंय.”

“मग आम्ही घेऊ कोणती? विंडोज की मॅक की ही?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“तुमचं काम जिच्यावर नीट चालतं ती. विंडोज जास्त घरांत आहे, म्हणून चोर तिच्यावर जास्त हात साफ करतात. बाकीच्यांवर कमी करतात, पण करत नाहीत असं नाही. अभेद्य कुठलीच नसते. अपडेट म्हणजे सापडलेलं भोक बुजवणं. न बुजवणारा माणूस म्हणतो, भोकच नाही!”

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या होत्या. “म्हणजे माझे एक्स-रे विषाणूने नाही खाल्ले. तुम्ही पुसलेत. आणि मी तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या!”

गुरू दाराकडे निघाले. हातमोजे काढायलाही ते विसरले होते. दारापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला, कारण दोनशे माणसं वाट देत नव्हती आणि प्रत्येकाला काहीतरी विचारायचं होतं. “कशावरून?” हा प्रश्न त्या दिवशी त्यांनी बऱ्याच तोंडांतून ऐकला.

दादा व्यासपीठावरच खाली बसला होता. त्याने चाचपत आपला लॅपटॉप जवळ ओढला. “एक बटण राहिलं होतं गं,” तो म्हणाला, आणि रडला.

शंकाताईला त्याचा राग आला होता आणि कीवही. तिने दोन्ही गिळलं आणि वहिनीची चाळीस पुस्तकं त्या कोऱ्या पेनड्राइव्हमध्ये उतरवायला लावली. तासभर लागला. ग्रंथालयाच्या बाईने आणखी एक प्रत काढली, ती शंकाताईच्या घरी ठेवायची ठरली.

“झालं,” शंकाताई म्हणाली.

“कशावरून?” दादाने विचारलं. “नुसतं झालं म्हणू नकोस. लावून दाखव.”

तिने पेनड्राइव्ह बाईने आणलेल्या ग्रंथालयाच्या संगणकात घातला आणि मधलंच एक पुस्तक लावलं. वहिनी वाचता वाचता अडखळली, खोकली आणि हसली. “अहो, थांबा हं जरा. चष्मा पुसते.”

दादा थांबला. रिकाम्या खुर्च्यांसमोर, मान किंचित कलती करून, तो तिचा चष्मा पुसून होईपर्यंत थांबला.

तेव्हा बाबांनो, कुणी चमत्कार दाखवला तर जरूर बघा. पण आपलं काही त्याच्या हातात देण्याआधी त्याच यंत्रात एक कोरी नळी घालून बघा. खऱ्याला तिची भीती नसते. आणि घरातलं जे गेलं तर परत आणता येणार नाही, त्याची दुसरी प्रत आजच करा, आणि ती लावून बघा.