पायाळूचा पाय

मिना पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, हे वसमतच्या बाजूला कुणाला शिकवावं लागत नाही. पायाळूला जमिनीतलं गुप्तधनही दिसतं म्हणे. ते मिनाला कधी दिसलं नाही, पण लग्न होऊन ती तांड्यावर आली आणि कंबर धरून येणाऱ्यांची दारात रीघ लागली. शेतात निंदून अवघडलेल्या बाया, ऊसतोडीवरून परतलेले गडी, सगळे ओट्यावर पालथे पडत. ती पायाचा अंगठा हळूच कंबरेला टेकवायची आणि माणूस हसत उठायचा. सासू रुख्मिणीबाईंना याचा भारी तोरा. सुनेच्या भाकरीला त्या रोज नावं ठेवायच्या, पायाला कधी नाही.

नवरा हरिचंद वसमतला हळदीच्या बाजारात हमाल. पोतं पाठीवर घ्यायचं, मुंडकं खाली घालून पोत्याचा भार मानेच्या मुळावर तोलायचा आणि फळीवरून ट्रकात चढायचं, हे तो मिसरूड फुटल्यापासून करत आलेला. त्याच्या मानेवर बैलाच्या खांद्यासारखा घट्टा पडला होता. नव्या हमालाला तो कौतुकानं हात लावून बघायला सांगायचा.

या हंगामात मात्र त्याचं काहीतरी बिनसलं. शर्टाची गुंडी बोटांत धरेना. चालता चालता पायातली चप्पल मागं राहायची आणि या गड्याला पत्ताच नसायचा. तांड्यावरचे लोक चिडवायचे, "सकाळीच घेतली का रं?" हरिचंदनं जन्मात दारूला हात लावला नव्हता, तरी तोही त्यांच्यात हसायचा. मिना दवाखान्यात चला म्हणून मागं लागली.

"टोळीतला एक घरी बसला तर त्याचं वझं बाकीच्यांच्या मानेवर," तो म्हणाला. "अन् दवाखाना घरात असताना बाहेर काहून जाऊ?"

घरातला दवाखाना म्हणजे मिनाचा पाय. बाजार बंद असलेल्या दिवशी सकाळी तो ओट्यावर पालथा पडला. तिनं नेहमीसारखा अंगठा टेकवला.

"नुसता टेकवू नको. मानेवर भार दे, तिथंच आखडून राहिलंय."

"मानेवर कधी दिला न्हाई म्या."

"पोत्यापेक्षा तुजा पाय जड हाय का?"

हे तिला पटलं. तुम्हांआम्हांलाही पटलं असतं. ज्या मानेनं इतकी पोती पेलली, तिला बायकोचा पाय काय करणार? तिनं भिंतीला हात धरला, मानेच्या मुळावर पाय ठेवला आणि अंगाचा भार सोडला.

कट्‌ असा आवाज झाला, बोटं मोडल्यासारखा. आतून रुख्मिणीबाई म्हणाल्या, "सुटली बघ उसण."

"उठा आता," मिना खाली उतरत म्हणाली.

"उठतो," हरिचंद म्हणाला, पण उठला नाही. मग शांतपणे म्हणाला, "मिना, पाय काढ की आता."

पाय तिनं केव्हाच काढला होता.

तिनं त्याचा हात उचलला, सोडला, तो धप्पकन ओट्यावर पडला. ती किंचाळली असावी, कारण शेजारचा देविदास, हरिचंदच्याच टोळीतला हमाल, जेवणाच्या ताटावरून धावत आला. त्यानंच जीप आणली, हरिचंदला गोधडीत उचलून आत ठेवलं आणि नांदेडच्या दवाखान्यापर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय बघून सांगितलं, "मानेचे मणके झिजलेत. आतली नस कधीपासून चेपत आली होती. गुंडी न लागणं, चप्पल सुटणं, सगळं त्याचंच. मानेवर ओझं वाहून होतं हे."

मिनाला जरा धीर आला. "मग माज्या पायानं न्हाई ना झालं?"

बाईंनी फिल्म टेबलावर ठेवली. "आधी आला असता तर ऑपरेशन करून चालता ठेवता आला असता. अशा मानेवर पाय द्यायचा नव्हता हो. आता ऑपरेशन केलं तरी हात थोडे हलतील कदाचित. पायांचं मी काही सांगत नाही."

ती बाहेर येऊन फरशीवर बसली. स्वतःच्या पायांकडे बघून तिला शिसारी आली. ओट्यावरून हसत उठलेला एकेक माणूस आठवू लागला. त्यातलं कोण पुढं खरंच बरं झालं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

देविदास जवळ आला. "वैनी, ऑपरेशनच्या तयारीला आत नेलं त्याला." तो मान चोळत तिथंच घुटमळला. मग हळूच म्हणाला, "राग मानू नका. उद्या टोळीत एक गडी कमी हाय, मला जायलाच पायजे. पन मानेत लई कळ येऊन राहिली, हातबी बधिर पडायलेत. जरा पाय लावता का? मानेवर न्हाई म्हनत मी. खाली, कंबरंला."

मिना काही बोलायच्या आत तो दवाखान्याच्या फरशीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधोमध पालथा पडला आणि डोळे मिटून वाट बघू लागला.

ती बघतच राहिली. मग त्याला वळसा घालून धावत सुटली आणि डॉक्टरीणबाईंचं दार तिनं न विचारता ढकललं.

"बाई, भाईर आनखी एक पालथा पडलाय," ती म्हणाली. "त्यो आजून चालता हाय. लवकर चला."